ओल्या पोत्यातला डिंक

आमच्या लातुरात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. त्यातलं तांब्याभर पाणी शेजारचे नागनाथअप्पा मिस्त्री सकाळ-संध्याकाळ एका डब्याला घालतात. तुळशीला नाही, डब्याला! लाकूड चिकटवायच्या पांढऱ्या डिंकाचा डबा. त्याला गोणपाट गुंडाळलेलं, खाली ओली वाळू. आम्ही वाटीभर पाण्यात तोंड धुतो आणि यांचा डिंक गारव्याला बसलेला असतो.

एकदा न राहवून मी डब्यावरची तारीख दाखवली. "अप्पा, मुदत संपून वर्ष झालं."

"तारीख छापणाऱ्यानं लातूरचं ऊन पाहिलंय का? उन्हात ठिवला तर सा महिन्यात मरतो, जपला तर जगतो. तुमी शाळामास्तर, तुमाला काय कळतंय त्यातलं?"

बरं, जपून करतात काय? काही नाही! माझ्या खुर्चीचा पाय निखळला तेव्हा चमचाभर मागितला, तर म्हणाले, "ह्यो डिंक कामाचा हाय. खुर्चीला खिळा मारा." काम म्हणजे त्यांच्याच घराचा दरवाजा. सागवानाच्या फळ्या कापून, रंधा मारून दोन वर्षं भिंतीला टेकलेल्या, आणि दाराला बायकोचं जुनं लुगडं लटकतंय. सुताराच्या दाराला लुगडं! गल्लीत पाहुणे हसतात, मला लाज वाटते, यांना नाही.

"मी धरतो फळी, तुम्ही डिंक लावा," मी एकदा म्हणालो. अप्पा असे उसळले, की विचारू नका.

"धरतो? सांधा काय म्हशीचं दावं हाय का? हितल्या उन्हात डिंक पाच मिनिटांत साय धरतो. म्या लावायचा आन् महेबूबनं ठोकायचा. तीस वर्षं त्यात बदल न्हाई."

महेबूबचाचा म्हणजे त्यांचे जोडीदार. उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा मुलानं त्यांना नांदेडला नेलं. "हात सुधरला की येतो, दार मीच ठोकणार," असं सांगून गेले. मला वाटायचं, हे सगळं अप्पांच्या आळसाचं निमित्त आहे. तसं मी चारचौघांत बोललोही.

परवा रविवारी त्यांच्या घरातून नासलेल्या ताकासारखा वास आमच्या ओसरीवर आला. मी तावातावाने भांडायलाच गेलो. डबा उघडा होता. काडी घालून पाहिलं, तर आत नुसत्या गाठी आणि तारा.

"अप्पा, हा तर..." मी ओरडणार, एवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातात फोन होता, आवाज मोठा केलेला.

"अप्पा, डिंक गया क्या रे?" महेबूबचाचांची जीभ जड झालेली. "खराब झाला असंल तर सांग. दुसऱ्या कुणाला घेऊन दार करून टाक. मेरा क्या भरोसा!"

"न्हाई रे. लई झकास हाय," अप्पा म्हणाले. डोळे मात्र त्या गाठींवर. "तुला खरं वाटत न्हाई ना? मास्तर हितंच हायत. त्यांनाच इचार."

आणि फोन माझ्या हातात दिला. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. कुणाचा, ते कळेना.

"चाचा," मी म्हणालो, "डिंक ताजा आहे."

"आणखी किती दिवस टिकंल, मास्तर?"

"तुम्ही येईपर्यंत."