मन्मथअप्पांची नसलेली गाडी

मन्मथअप्पांनी पहिल्याच भेटीत माझ्या डोक्यावर फडकं टाकलं. धुऊन धुऊन विरलेल्या धोतराचा तुकडा होता. मी तेलगावात खत-बियाण्यांचं दुकान नवीन टाकलेलं, शेजारच्या पत्र्याच्या शेडात कोण आहे बघावं म्हणून गेलो आणि नमस्कार केला. समोरच्या म्हाताऱ्यानं काही न बोलता माझ्या टकलावर ते फडकं ठेवलं, डोळे मिटले आणि त्यावरून तळहात फिरवायला सुरुवात केली. इतक्या सावकाश की मला वाटलं, हा काहीतरी मंतरतोय. मग डोळे न उघडताच म्हणाले, "डाव्या अंगाला जरा खोल हाय. लांबी लागंल."

लांबी म्हणजे गाडीला पोचा पडला की भरतात तो लगदा. माझ्या डोक्यात काहीतरी कमी आहे असं बायकोसकट पुष्कळांनी सांगितलं होतं, पण नेमकी जागा आजवर कोणी दाखवली नव्हती.

अप्पांचं काम फायबरचं. लग्नाच्या कमानीचे हत्ती, आइस्क्रीमच्या दुकानापुढचे माणसाएवढे कोन आणि देवळांसाठी मुखवटे. हात फिरवताना मधे पातळ कापड असलं की केसाएवढा उंचवटाही कळतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ते फडकं कायम खांद्यावर. म्हशीची पाठ, दूधवाल्याची किटली, बसचं बोनेट, जे समोर येईल ते चाचपायचं. "डोळ्याला फसवता येतंय, हाताला न्हाई," हे एक वाक्य. दुसरं म्हणजे "असंल की." पाऊस पडेल का, असंल की. चहात साखर कमी आहे का, असंल की. या माणसाशी वाद घालणं म्हणजे कापसाच्या गंजीला धडका देणं.

शेडात भिंतीवर मुखवटे टांगलेले असायचे आणि एकालाही डोळे नसायचे. डोळे शेवटी कोरायचे, गिऱ्हाईक न्यायला आलं की मगच. तेही मुखवट्यासमोर आरसा धरून, म्हणजे त्याची पहिली नजर त्याच्या स्वतःवरच पडते. "पहिली नजर जड असती, विलासराव. माणसावर पडू देऊ न्हाई." त्या आंधळ्या तोंडांखाली बसून मी कैक वेळा चहा प्यालो आहे. चहा चांगला असायचा, पण घशाखाली सावकाश उतरायचा.

आता महानंदाकाकूंबद्दल सांगायला हवं. काकू म्हणजे अप्पांच्या पत्नी. गेल्या काही वर्षांत त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस उठून गेलं. आधी व्याही, मग नातवंडं, मग पुण्याला असणारा पोटचा मुलगा, आणि शेवटी अप्पा. काकूंच्या लेखी त्या अजून माहेरीच होत्या आणि अप्पा हे शेजारचे कोणी भले म्हातारे गृहस्थ. रोज तिन्हीसांजेला काकू काठपदराचं लुगडं नेसून, कपड्यांचं बोचकं मांडीवर घेऊन, शेडाला लागून असलेल्या घराच्या पायरीवर येऊन बसायच्या.

"आमचे मालक न्यायला येणार हायत," असं त्या मला सांगायच्या. बोलताना माझ्याकडे बघायच्या नाहीत, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायच्या. मी मागे वळून पाहायचो. कोणी नसायचं. हे माहीत असूनही मी रोज वळून पाहायचो.

अंधार पडला की अप्पा येऊन हात जोडून सांगायचे, "बाई, आज रस्ता बंद हाय म्हणं. उद्या येतील." मग काकू शहाण्यासारख्या आत जायच्या. एकदा अप्पांनी "अगं, मीच की मालक," असं सांगून बघितलं होतं. काकूंनी आत पळून कडी लावली आणि परक्या माणसानं धरलं म्हणून दिवसभर रडत राहिल्या. त्यानंतर अप्पांनी तो विषय कधी काढला नाही.

अशा घरी एक दिवस टेम्पोतून सांगाडा उतरला. पुण्याच्या कोणा हौशी माणसानं मोटार जुळवायचं सामान आणून अर्ध्यावर सोडलेलं, ते अप्पांनी स्वतःसाठी विकत घेतलेलं. लोखंडी नळ्यांची चौकट, चार चाकं, दोन बैठका, आणि बैठकांच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे, इंजिन. पुढे काहीच नाही. बॉडी करून घ्यायची ती आपली आपण. गावानं दोन दिवस येऊन बघितलं. चहाच्या टपरीवरचा एकजण म्हणाला, "अप्पा, इंजिन मागं कावून?"

"पुढं नुसतं तोंड ठिवायचंय," अप्पा म्हणाले. "तोंडात काई नगं. मुखवट्यावाणी."

गाडीच्या पुढल्या अंगाला तोंड म्हणणारा माणूस, त्यात ते पोकळ. तो टपरीवरचा माणूस त्यानंतर शेडाकडे फिरकला नाही.

अप्पांनी नळ्यांवर लाकडी पट्ट्या बांधल्या, थर्माकोल भरला आणि वरून माती लिंपायला घेतली. आधी मातीची गाडी, तिच्यावरून साचा, साच्यातून फायबर, असा तो क्रम. गाडी बुटकी होती, माझ्या छातीलाही येईना. नाक खाली, छत गोल, मागे उतरत गेलेलं. मी सकाळी दुकान उघडताना बघायचो तर अप्पा डोळे मिटून, फडकं घेऊन तिच्याभोवती फिरत असायचे. समोर ना दिवे, ना जाळी. एक गुळगुळीत आंधळं तोंड. मी शेडाच्या दाराच्या कुठल्याही अंगाला उभा राहिलो तरी ते माझ्याकडेच वळलंय असं वाटायचं. डोळेच नव्हते तर बघत कशानं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यात दूधवाल्यानं बातमी आणली की अप्पांची गाडी श्वास घेते. मी हसलो. त्यानं मला ओढतच नेलं. दुपारची वेळ, शेडात कोणी नाही. फायबर चढवलेल्या गाडीवर लुगड्यांची शिवून केलेली चादर, आणि ती चादर दोन्ही खांद्यांपाशी आत ओढली जातेय, बाहेर येतेय, आत, बाहेर. दूधवाला किटली तिथेच टाकून गेला. मी पळालो नाही, कारण माझे पाय हलत नव्हते. मग मागून अप्पा पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"कल्ले बघायलो," ते म्हणाले. इंजिन मागे कोंडलेलं, त्याला वारा पाहिजे, म्हणून बॉडीच्या दोन्ही खांद्यांना माशासारखे कल्ले कापले होते आणि आतला पंखा चालू-बंद करून वारा पुरतो का ते बघत होते. सगळं रीतसर समजावून सांगितलं. पण "कल्ले कापायचं सुचलं कसं," असं विचारल्यावर म्हणाले, "तिनं सांगितलं."

ती कोण, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. काकू पायरीवर बसलेल्या. अप्पा त्यांच्यापुढे हात बांधून, गिऱ्हाइकापुढे कारागीर उभा राहतो तसे उभे होते.

"बाई, तुमच्या मालकांची गाडी कशी हाय म्हनला?"

"बुटकी," काकू पलीकडे बघत म्हणाल्या. "दोघांचीच. तिसऱ्याला जागाच न्हाई. कासवावाणी पाठ. खांद्याला कल्ले." मग त्या म्हणाल्या, "आज तिचं नाक खचलंय. मालकांना सांगा."

आम्ही शेडात गेलो. साच्यातून निघालेलं फायबरचं नाक उन्हात मऊ होऊन एका अंगाला बोटभर बसलं होतं. काकू शेडात कधीही आलेल्या नव्हत्या. पायरीखाली त्यांचं पाऊल पडल्याला वर्ष होऊन गेलं असेल. मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी फडकं काढलं, नाकावरून हात फिरवला आणि लांबीचा डबा उघडला.

"अप्पा, हे त्यांना कसं कळलं?"

"असंल की. कळलं असंल."

"तुमच्या लग्नात अशी गाडी होती का?"

"कुठली गाडी घेऊन बसलाव, विलासराव. यष्टीनं आलतो. कंडक्टरनं हिच्या बोचक्याचं बी तिकीट फाडलं." ते लांबी कालवत राहिले. "असली गाडी आमच्याकडं कवाच नव्हती. पर ती म्हनती, होती. मंग असंल."

मग ते स्वतःहून बोलले, जे ते फारसे बोलत नसत. काकूंचे शब्द कमी होत चालले होते. सुरुवातीला त्या गाडीचं वर्णन करायच्या ते अगदी आतल्या गादीच्या रंगापर्यंत. आता निम्म्या संध्याकाळी नुसतं "येतेत का?" एवढंच. "एक दिवस ती वाट बघायचीच थांबंल. मंग मी गाडी घेऊन कुनाकडं जाऊ?" अप्पा म्हणाले. त्या दिवसापासून मी दुकान लवकर बंद करून पॉलिश पेपर घासायला जाऊ लागलो. भीती वाटत होतीच, पण भीती वाटते म्हणून शेजारधर्म सोडता येत नाही.

गाडी पुरी होत आली. लाल रंगाचे हात बसले. अप्पांनी डोळे मिटून शेवटचा हात फिरवला, "कुठंच न्हाई अडकत," म्हणाले, आणि त्यांना विडीची तल्लफ आली. मी मात्र गाडीभोवती एक चक्कर मारली, दुसरी मारली, आणि मग विचारलं, "अप्पा, आत जायचं कुठून?"

अप्पांची विडी तोंडातच राहिली. जन्मभर मुखवटे केलेला माणूस. मुखवट्याला दार कुठे असतं? इतके दिवस तळहातानं बारीकसारीक शोधत बसले, पण दाराची फटच ठेवली नव्हती. डोळे नाहीत, दार नाही, आत दोन रिकाम्या बैठका. आम्ही एकमेकांकडे बघितलं. हसू आलं होतं, पण त्या गाडीसमोर हसायचा धीर होईना.

अप्पांनी कटर घेतला आणि एकच दार कापलं, डावीकडचं, काकूंच्या बाजूचं. दुसरं कापलं तर छताला जोर राहणार नाही, असं त्यांचं मत. बैठक त्यांनी आधीच घराच्या पायरीइतकी उंच बांधली होती. काकूंना बसता येतं ती तेवढीच एक उंची, हे त्यांना ठाऊक होतं.

राहिले डोळे. दिव्यांची भोकं कोरायची ती संध्याकाळीच, असं ठरलं. अप्पांनी दिवे बसवले आणि घरातला आरसा आणून नाकासमोर उभे राहिले. गाडी रस्त्यावर न्यायची नव्हती, शेडाच्या दारातून थेट मागच्या शेतात जाणारी गाडीवाट होती. बटण दाबायला मला आत बसवलं. इंजिन माझ्या पाठीमागे घुरघुरत होतं आणि पुढ्यात काहीच नव्हतं, नुसती पोकळी. कोणीतरी मागून ढकलतंय आणि पुढून कोणी नाही, असं काहीतरी वाटत होतं. मी मनात महादेवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

उजेड आरशावर आदळला, आरशातून उलटा फिरला आणि सरळ घराच्या पायरीवर गेला. काकू उजेडात आल्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरला नाही. बोचकं उचललं, उठल्या आणि पायरी उतरून आमच्याकडे चालत आल्या.

मी त्या एकुलत्या एका दारातून कसा बाहेर पडलो ते माझं मला माहीत. अप्पा आरसा छातीशी धरून उभे होते. काकू त्यांच्यासमोर थांबल्या. बऱ्याच दिवसांनी त्या कोणाच्या तरी तोंडाकडे बघत होत्या, खांद्यावरून पलीकडे नाही. मला वाटलं, ओळखलं. अप्पांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांचे ओठ हलले होते.

"तुमी डायवर का?" काकू म्हणाल्या.

अप्पांनी आरसा माझ्याकडे दिला. "व्हय, बाई."

"मालकांनी धाडलंय?"

"व्हय. मालकांनीच धाडलंय."

"मी म्हनलंच व्हतं," काकू म्हणाल्या. एकच दार असल्यामुळे आधी अप्पा वाकून, खुरडत पलीकडच्या बैठकीवर सरकले आणि मग काकू बसल्या, जणू पायरीवरच बसल्या. दार मी लावलं. तो लाल ठिपका शेतातल्या गाडीवाटेनं उसाच्या कडेकडेनं विहिरीपर्यंत गेला. आवाज तेवढा येत राहिला. मी आरसा घेऊन तिथेच उभा होतो.

आता रोज संध्याकाळी हेच चालतं. विहिरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. काकू घरापाशी उतरून "माहेर आलं," म्हणतात आणि आत जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोचकं घेऊन पायरीवर. मी एकदा न राहवून अप्पांना म्हणालो, "एवढी गाडी केलीत. आता तरी सांगा की त्यांना तुम्ही कोण ते. गाडीत बसून सांगितलं तर कदाचित पटेल."

अप्पा गाडीच्या छतावर फडकं फिरवत होते. ते थांबले.

"नगं," ते म्हणाले. "डायवर असलो की ती बोलती. मालकांबद्दल सांगती. काल म्हनाली, आमचे मालक लई कमी बोलतेत. पर मी झोपले का मग माझ्या पायाला तेल चोळतेत. त्यांना वाटतंय मला ठावं न्हाई."

त्यांनी फडकं पुन्हा छतावर टेकवलं. म्हणाले, "मला खरंच वाटलं व्हतं, तिला ठावं न्हाई."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार. म्हनलो, सांगतो मालकांना."