सोनूबाबचे शिंपण

जगदंबेच्या चरणी मस्तक ठेवून आरंभ करतो. महामारी ओसरल्यावर देवीची पालखी प्रथमच मुळगावच्या रस्त्याने निघाली, तेव्हा पालखीच्याच नव्हे, वाजंत्र्यांच्याही पुढे एक गृहस्थ झारीने रस्ता भिजवीत चालला होता. त्याला हे काम कोणी सांगितले नव्हते. तो आमचा शेजारी सोनूबाब. त्या निमित्ताने त्याच्याविषयी चार शब्द लिहितो.

सोनूबाब उभे आयुष्य खाणीवर पाण्याचा टँकर चालवीत होता. खनिजाचे ट्रक गेले की तांबडी धूळ उठे. ती बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारायचे, एवढेच त्याचे काम. त्या कामाने त्याला एक तत्त्वज्ञान दिले : "उदक मारलें काय बसता." म्हणजे पाणी मारले की सगळे खाली बसते. शेजारच्या दोन जावा भांडू लागल्या तरी तो कुंपणावरून हेच म्हणे. हा उपदेश की धमकी, याचा त्या विचार करीत तोवर भांडण थांबलेले असे.

महामारीची वार्ता आली आणि गाव भ्याला. मी देवळाचा भट, म्हणून रोग कोणत्या मंत्राने जातो, हे विचारायला लोक माझ्याकडे येऊ लागले. काही मोबाइलवर आलेले काढे पिऊन पोट बिघडवून बसले. सोनूबाबने कोणाला काही विचारले नाही. "दिसना म्हणून कितें जालें, भटमाम? धूळच ती. बारीक."

त्याच्या भयाला कारण होते. त्याची पत्नी शेवंती. खाणीच्या धुळीने तिची छाती पूर्वीच अधू झालेली. हा रोग छातीत उतरतो, एवढे एकच वाक्य त्याने बातम्यांतून उचलले होते.

मग शिंपण सुरू झाले. आधी अंगण, मग रस्ता, मग रस्त्यावरून जाणारी माणसे. दारोदार पाव विकणाऱ्या पदेराच्या टोपलीतले पाव त्याने इतके भिजवले की तो बिचारा म्हणाला, "सोनूबाब, हो पाव न्हय, पेज जाली." एकदा मी स्नान करून देवळात निघालो असता माझ्यावरही झारी फिरली.

"अरे सोनू, मी आत्ताच न्हालो आहे."

"तुमी न्हाल्यात, भटमाम. तो न्हावंक ना."

'तो' म्हणजे रोग. यावर मला शास्त्राधार सापडला नाही.

पुढे त्याने घराच्या सर्व खिडक्यांना ओली गोणपाटे ठोकली. खाणीच्या कचेरीत धूळ अडवायला तसेच करीत. आत दिवसाही अंधार असे.

एके सकाळी रस्ता कोरडा दिसला. मन चरकले. मी तोंडाला उपरणे बांधून त्याच्या दाराशी गेलो. आतून खोकला ऐकू आला.

"कोण खोकते, सोनू?"

"रेडिओ."

"सकाळपासून वीज नाही."

तो दाराच्या फटीशी आला. मग अगदी हळू म्हणाला, "भटमाम, कोणाक सांगूं नाकात. तिका व्हरतले. व्हेल्ल्यांचें तोंड मागीर दाखयनात." तिला नेतील आणि नेलेल्यांचे तोंड पुन्हा दाखवत नाहीत, हे त्याचे भय.

त्याला न दुखवता मी आरोग्य केंद्रात कळवले. नर्स आली. शेवंतीच्या बोटाला तिने चिमट्यासारखे यंत्र लावले, आकडा पाहिला आणि गोणपाटांकडे पाहिले. मला वाटले, आता ही रागावेल. ती म्हणाली,

"सोनूबाब, टँकराच्या केबिनांत धूळ भितर गेली काय तुमी कितें करताल्यात?"

"काच उगडतालों."

"कित्याक?"

"वारें आयलें काय धूळ भायर वता."

"मागीर हांगा काच बंद कित्याक?"

हा रोग पाण्याने बसत नाही, माणसाच्या श्वासातून येऊन बंद खोलीत साठतो, हे तिने शांतपणे समजावले. सोनूबाबने स्वतःच्या हाताने एकेक गोणपाट ओढून काढले.

पण शेवंतीला इस्पितळात न्यावेच लागणार होते. "दर सांजेर हांव फोन करतां," नर्स म्हणाली. त्याने मान हलवली. गाडी सुरू होताच तो झारी घेऊन पुढे धावला आणि वळणापर्यंत रस्ता भिजवीत गेला. नर्सने शब्द पाळला. आणि सोनूबाब दुपारपासूनच फोन मांडीवर घेऊन उघड्या खिडकीशी बसे.

जगदंबेची कृपा, शेवंती परत आली. आता खिडक्या सताड उघड्या असतात. शिंपण मात्र थांबले नाही. पालखीनंतर मी त्याला विचारले, "सोनू, रोग पाण्याने बसत नाही हे तुला कळले ना? मग आता हे कशासाठी?"

त्याने झारी खाली ठेवली. "टँकर बंदराच्या धक्क्यामेरेन वतालो, भटमाम. आमच्या वाड्यार वळपाचो हुकूम नासलो. हांव सगळो रस्तो भिजयतालों, आनी म्हजी घरकान्न शेवंती दारांत बसून धूळ खाताली." खाणीचा हुकूम नव्हता म्हणून त्याचा टँकर त्याच्याच वाड्याकडे कधी वळला नव्हता. मग झारी उचलून तो उरलेल्या कोरड्या तुकड्याकडे गेला.

वाचकहो, आपल्या घरी वारा सदैव खेळता राहो, घरातल्या प्रत्येकाचा श्वास सुखाने चालो, आणि आपल्या वाटेवरची धूळ बसवणारे कोणीतरी जगदंबा आपल्याही दाराशी ठेवो. शुभं भवतु.