प्रेमानंदरावांची बिनआवाजाची आतषबाजी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही नागपूरचे आहात. मे महिना आहे, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि मोठं पाणी म्हणून तुम्ही जन्मात एकच पाहिलं आहे, ते म्हणजे फुटाळा तलाव. तो सकाळी जिथे असतो तिथेच संध्याकाळी असतो. काठावर चप्पल काढून ठेवली तर ती चोर नेईल, तलाव नेणार नाही. आलं डोळ्यांसमोर? आता उघडा. या गोष्टीतली सगळी माणसं हेच चित्र डोक्यात घेऊन कोकणात समुद्रावर गेली होती.

दामिनी होती दहा वर्षांची. तिचे बाबा, प्रेमानंदराव, नागपूरलगतच्या वाडी गावातल्या एका गोदामाचे सुपरवायझर. आई प्रीती. आणि आईचे वडील, नानाजी. त्यांनी कोराडीच्या वीजकेंद्रात बॉयलरपाशी एकतीस वर्षं काढली होती. काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा कधीच गेला होता. डावा बोगद्यातून पाहावं तसा पाहायचा. ज्याच्यावर भरपूर उजेड पडेल, तेवढंच त्यात उमटायचं. आठ दिवसांनी त्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "उरलं तर एवढंच उरेल. जाऊही शकतं." दामिनी दाराआड उभी होती. तिनं ते ऐकलं होतं.

"मग त्याच्याआधी मामाजीले समुद्र दाखवू," बाबा म्हणाले. सासऱ्यांना ते मामाजी म्हणायचे. "आणि अंधार पडला की समुद्रावर फटाके. दिवाळीचे फुसके नाही, आभाळात रंग फेकणारे. लख्ख उजेड. तेवढं तर त्यायले दिसनच. प्लॅन माह्यावर सोडा. वीस वर्षांत माह्या गोदामातला एक खोका ओला नाही झाला."

हे वाक्य ते नागपूर ते कोकण दोन दिवस गाडी चालवताना अकरा वेळा बोलले.

किनाऱ्यावर यमुताईंच्या घरी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. फटाके तिथल्याच बाजारात मिळाले. दुपारी अडीच वाजता, यमुताई जेवणाची भांडी आवरत असताना, बाबा खोका उचलून निघाले. वरची वाळू भुसभुशीत होती, तिच्यात खुंटी टिकेना. खाली पाण्यालगत मात्र वाळू कशी सिमेंटसारखी घट्ट! बाबा खूश झाले. त्यांनी गोदामाच्या रीतीनं माल लावला. खाली फळ्या, कारण माल जमिनीला टेकता कामा नये. वर ताडपत्री. चारी बाजूंनी दोरी, आणि ट्रकवाल्यांच्या त्या गाठी, ज्या फक्त ट्रकवाल्यांनाच सुटतात.

"बाबा, पाणी जवळ येऊन राहिलं," दामिनी म्हणाली.

"पाणी काय पायानं चालते का वं? आणि जवळ असलं तर बरंच आहे. आग लागली तर विझवाले सोपं."

मग त्यांनी नारळाच्या झाडापासून पावलं मोजली. एकशे दहा. आकडा हातावर पेनानं लिहिला आणि घरी जाऊन झोपले.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते, हे पुस्तकात आहे. बाबांनीही शाळेत ते पाठ केलं होतं. पण पाठ केलेली भरती ओली नसते.

संध्याकाळी पावणेसातला नानाजी इस्त्रीचा सदरा घालून, भांग पाडून, नारळाखाली खुर्चीवर बसले. तोंड समुद्राकडे. आईनं त्यांची खुर्ची दोनदा सरळ केली. बाबा झाडापासून मोजत निघाले. बावन्नाव्या पावलाला पाणी लागलं. माणूस थांबला असता. बाबा सुपरवायझर होते, त्यांनी आकडा पूर्ण करायचं ठरवलं. सत्तरला गुडघे बुडाले. नव्वदला कंबर. शंभरला ते छातीभर पाण्यात उभे राहून हातावरचा आकडा वाचत होते.

"चोरी झाली," नानाजींपासून दूर, पाण्याच्या काठाशी परत येऊन ते कुजबुजले. "यमुताई, तुमच्या गावात चोर आहेत."

काडेपेटी घेऊन आलेल्या यमुताईंनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. "भाऊ, चोर कशाला येईल? भरती आली. मला विचारायचं तरी."

तेवढ्यात ताडपत्री स्वतःच तरंगत काठाला लागली. गाठी इतक्या पक्क्या होत्या, की समुद्रालाही सुटल्या नव्हत्या. बाबांनी त्या दातांनी सोडवल्या. आत रंगीत कागदाचं पिठलं झालं होतं. अंधार पडेपर्यंत यमुताईंची अख्खी काडेपेटी संपली. एक फटाका "फ्स्" म्हणाला. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

"माह्या बाबांले खरं सांगून द्या," आई म्हणाली.

"कसं सांगू वं? मोरासारखे नटून बसले ते. ऑपरेशननंतर काय होईल कोणाले माहीत." बाबांनी चेहरा पुसला. "थांब. मी करतो."

आणि मुलांनो, इथे त्यांनी दुसरी चूक केली. पहिलीपेक्षा मोठी.

ते खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. "पाहा मामाजी, गेलं वर! काय लाल आहे!"

नानाजींनी मान वर केली. "आवाज नाही आला."

"बिनआवाजाचे आहेत. नवीन निघाले."

"अच्छा." नानाजी थोडा वेळ आभाळाकडे पाहत राहिले. "किती उंच गेलं?"

"लई उंच. आता हिरवं. वा! प्रीती, पाह्यलं का?"

"हो," आई म्हणाली आणि तिनं पदर तोंडात धरला.

नानाजींनी चष्मा काढला. सदऱ्यानं पुसला. पुन्हा लावला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. बाबा पिवळा सांगत होते, जांभळा सांगत होते. त्यांना थांबायचं होतं, पण लाल उडवलेल्या माणसाला मधेच थांबता येत नाही.

मग नानाजींनी चष्म्याची घडी केली आणि खिशात ठेवला.

"बस करा, प्रेमानंदजी," ते अगदी हळू म्हणाले. "एवढा उजेड आणि मले काहीच दिसून नाही राहिलं. हा पण गेला. ऑपरेशनचं सांगून द्या डॉक्टरले, आता कराचं काही काम नाही."

बाबांच्या टाळीचे दोन्ही हात हवेत अडकले. आईनं बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे. खरं बोलायचं तर खोटं कबूल करायचं, आणि ते आधी कोणी करायचं, हे दोघांचं ठरेना. नानाजी मात्र हात मांडीवर ठेवून बसले होते, शेवटची बस चुकल्यासारखे.

दामिनीनं आईच्या हातातला मोबाईल ओढला. टॉर्च लावला आणि नानाजींच्या डाव्या डोळ्यासमोर धरला.

"हे दिसते?"

नानाजींची पापणी चटकन मिटली. "दिसते ना. डोळ्यात काहून खुपसून राहिली?"

"मग डोळा आहे तुमचा. फटाकेच नाही लागले. सगळे भिजले. बाबा खोटं बोलून राहिले."

नानाजींनी खिशातून चष्मा काढून लावला.

"आणि तो लाल?"

"लाल पण खोटा."

"जांभळा?"

"तो पण."

"प्रेमानंदजी," नानाजी म्हणाले, "या बरं जरा समोर."

बाबा समोर येऊन उभे राहिले. छातीपर्यंत ओले, कानावर शेवाळ, दाताला दोरीचा धागा, हातावर एकशे दहा.

नानाजींना नीट दिसावं म्हणून दामिनीनं टॉर्च उचलला आणि थेट बाबांच्या तोंडावर धरला.