आमच्या अद्रकीतला विद्वान डबा

चुकल्याशिवाय शिकता येत न्हाई, हे सर्वमान्य सत्य आहे. कुणाच्या रानात चुकायचं, एवढंच ठरवायचं राहतं. कर्नाटकातल्या आमच्या कोहिनूर गावात तो मान आमच्या दोन एकर अद्रकीला मिळाला. अद्रक बेण्याची, पुढच्या साली अर्धं गाव तीच लावणार.

माझ्या थोरल्यानं, धनराजनं, मोटारीवर एक डबा बसवला. ढग, ऊन, मातीची ओल बघून पाणी सोडायचं का न्हाई, ते डबा स्वतः ठरवतो. खात्री नसली तर घरी फोन करून विचारतो. (आमच्या घरात खात्री नसताना विचारणारा हा पहिलाच पुरुष.) उत्तरातनं शिकतो. माझी शाळा दुसरीपर्यंत. डब्याची तेवढीही न्हाई, तरी थेट नोकरी.

डबा बोलायचा कन्नडात. "अक्का, माती ओली वाटते. पाणी बंद ठेवू?"

"बरं," मी म्हणायची. कन्नड मला चांगलं येतं, पण फोनवर मी मराठीतच कंटाळते.

आठ दिवसांचा अहवाल असा: फोन एक्केचाळीस, माझे "बरं" एक्केचाळीस, त्यात "बरं बरं" नऊ, पाऊस दोनदा, मोटार बंद एकदाही न्हाई. नवव्या दिवशी कोंब धरला, तर कुजका कंद हातात आला.

"धन्या, तुझा डबा बेणं बुडवायलाय!"

"माय, सुरुवातीला चुकायचाच. शिकू दे त्याला."

"तू चाळीस वर्षं सुरुवातच करायलास!" म्हणून मी वायर उपटली.

डबा बसवणारा पंचाक्षरी आला. सगळे फोन ऐकून त्यानं कपाळ धरलं. "अक्का, कन्नडात 'बर' म्हंजे दुष्काळ की हो! 'बरं बरं' म्हणलाव, तवा त्यानं महादुष्काळ धरला."

"आणि वरनं पाऊस पडायला होता, तो?"

"पावसापरीस त्याचा तुमच्यावर भरवसा जास्त."

(पोटच्या पोरांनी हे ऐकून ठेवावं.)

खालचं एकर कुजलं. वरचं वाचलं, कारण तिथवर पाइप पोचलाच न्हवता. या चुकीतनं डब्याची मोठी प्रगती झाली, असं कंपनीनं कळवलंय. अद्रकीच्या प्रगतीबद्दल पत्रात काही न्हाई.

हसायलाव व्हय? सकाळी तुमच्या फोननं काहीतरी विचारलं आणि तुम्ही न वाचताच बोट टेकवलाव. आमचं कुठलं एकर गेलं, ते आम्हाला निदान ठाऊक हाय.