अमरावतीचं स्थळ

शालिकराम ताथोडांनी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी बायकोला पहिली मोठी थाप मारली, आणि तीही सकाळच्या चहावर, काही विचार न करता. हिवरखेडहून अमरावतीला कशाला निघाले, एवढंच पौर्णिमाबाईंनी विचारलं होतं.

"आकांक्षासाठी एक स्थळ पाहून येतो," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन निघाले.

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. दोन वर्षांपासून नवरा-बायकोच्या एकांतात शालिकरामांचं शरीर त्यांचं ऐकेनासं झालं होतं. आधी त्यांनी दोष थकव्याला दिला, मग फवारणीच्या औषधांना. मग अकोटच्या रस्त्यावर तंबू ठोकून बसलेल्या एका खानदानी वैद्याकडून तेल आणलं. त्या तेलानं आठ दिवस नीट बसता आलं नाही, बाकी काही फरक पडला नाही. तेव्हापासून ते हरभऱ्यात रानडुकरं शिरतात असं सांगून शेतात जागलीला जाऊ लागले. हरभरा निघाला, गुरांसाठी त्याचं कुटार घरी आलं, तरी जागल चालूच होती. पौर्णिमाबाई काही बोलत नव्हत्या, आणि त्यांचं न बोलणंच शालिकरामांना जास्त लागत होतं.

शेवटी त्यांनी डॉक्टर गाठायचं ठरवलं. अकोल्यात दर दुसऱ्या दुकानात ओळखीचा माणूस भेटतो, म्हणून अमरावती. राजापेठेतल्या डॉक्टर कुलदीप ठोंबऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, रक्त तपासायला दिलं आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. शालिकराम हलक्या मनानं घरी परतले. दारातच पौर्णिमाबाईंनी विचारलं, पोरगा काय करतो. शालिकरामांच्या डोक्यात दिवसभर एकच माणूस होता.

"डॉक्टर हाय."

नाव विचारल्यावर तेही त्याच डॉक्टरचं सांगून मोकळे झाले. ही बातमी रात्रीपर्यंत अकोटला त्यांच्या बहिणीकडे, रागिणीबाईंकडे पोचली. रागिणीबाईंनी आकांक्षासाठी बार्शीटाकळीचं एक स्थळ काढलं होतं. पोरगा बँकेत होता आणि त्या लोकांचा होकारही आला होता. डॉक्टर सोडून बँकवाल्याला कशाला द्यायची, असं म्हणून रागिणीबाईंनी परस्पर फोन करून त्यांना नकार कळवला. आता शालिकरामांना माघार घ्यायला वाटच राहिली नाही. तेवीस वर्षांची आकांक्षा सरकारी परीक्षेचा अभ्यास करत होती. तिनं पुस्तकातून मान वर केली, बापाकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

पंधरा दिवसांनी तपासण्या आल्या. रक्तातली साखर बरीच वाढलेली होती. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या, हा आजार एकट्याचा नसतो. शालिकराम हो म्हणाले, आणि कसं सांगायचं याचा विचार करत घरी आले. तिथं पौर्णिमाबाईंनी आधीच ठरवून टाकलं होतं, की आता पुढच्या खेपेला आपणही जायचं. पोरीची आई आहे, घर-दार पाहिल्याशिवाय पुढं जाणार नाही.

दोन्ही गोष्टी एका चकरेत उरकतील, असं शालिकरामांनी मनाला समजावलं. बसमध्ये सगळं सांगून टाकू. पण अकोटला शेतकी सोसायटीतले ओळखीचे ओमप्रकाश चढले आणि नेमके मागच्या सीटवर बसले. तेही अमरावतीलाच निघाले होते. रस्ताभर ते सोयाबीनचे भाव सांगत राहिले आणि शालिकराम खिडकीतून कपाशीच्या वाळल्या पळाट्या पाहत राहिले. स्टँडवर उतरून रिक्षात बसले, तर दवाखाना इतका जवळ की तोंड उघडायच्या आत आला.

पौर्णिमाबाईंनी भाचीच्या लग्नात मिळालेली साडी नेसली होती आणि हातात घरच्या संत्र्यांची पिशवी होती. दवाखाना बघून त्या मनातून खूश झाल्या. पाटी इंग्रजीत होती, खुर्च्या गादीच्या होत्या, गर्दीही दांडगी होती. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली.

"इथं सगळे पुरुषच दिसून राहिले," त्या हळूच म्हणाल्या. "बाया आजारी पडत नाहीत का इकडच्या?"

शालिकराम काही बोलणार तोच नाव पुकारलं गेलं.

डॉक्टर पस्तिशीचे होते. वय जरा जास्त आहे, पण डॉक्टरकी शिकायला तेवढी वर्षं जातातच, असा हिशेब पौर्णिमाबाईंनी मनाशी केला आणि संत्री टेबलावर ठेवली.

"ताई, तुम्ही आल्या हे फार चांगलं केलं," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक जणी येतच नाहीत."

"मी नाही येईन तं कोन येईन?"

"तुमची काय अपेक्षा आहे ते मोकळेपणानं सांगा. लाजायचं नाही."

"अपेक्षा काही मोठी नाही," पौर्णिमाबाई म्हणाल्या. "फक्त जरा लवकर झालं तं बरं. दोन वर्षं झाली, पाहून राहिलो आमी. नातेवाईक सारखे विचारतात."

डॉक्टरांनी चमकून शालिकरामांकडे पाहिलं. शालिकराम टेबलाच्या कडेकडे पाहत होते.

"नातेवाइकांचं राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "घाई करायची नाही. आधी साखर ताब्यात आणू, तंबाखूचा खर्रा बंद, रोज पाऊण तास चालणं. सोबत गोळी देतो. ती तासभर आधी घ्यायची, छातीच्या दुखण्याच्या गोळ्यांबरोबर मात्र कधीच नाही. त्यानं नाही जमलं तर पंप आहे, इंजेक्शन आहे, अगदी शेवटी ऑपरेशन. तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही."

पौर्णिमाबाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"ऑपरेशन कोनाचं?"

"यांचं."

डॉक्टर हुशार होते. या बाईंना काहीच माहीत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सावकाश सांगितलं. साखरेनं रक्तवाहिन्या आणि नसा कशा खराब होतात, कितीजणांना हे होतं, यात मर्दानगीचा काही संबंध कसा नाही. शालिकरामांना वाटत होतं, जमीन दुभंगावी आणि आपण संत्र्यांसकट आत जावं.

पौर्णिमाबाईंनी सगळं ऐकलं आणि एकच गोष्ट विचारली.

"म्हंजे हे माह्यामुळं नाही?"

"नाही ताई. अजिबात नाही."

त्यांनी पदर तोंडाला लावला.

बाहेर रस्त्यावर आल्यावर शालिकराम बोलणी खायला तयार होऊन उभे होते. पण पौर्णिमाबाई रागावल्या नाहीत. दोन वर्षं त्यांना वाटत होतं, आपण आता नवऱ्याला आवडत नाही. ती रोजची जागल, मग या अमरावतीच्या चकरा. स्थळ खरं असो वा नसो, इथं कोणीतरी बाई आहे, एवढं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. आज त्या स्थळ पाहायला कमी आणि ती बाई पाहायला जास्त आल्या होत्या.

"साखरच निघाली," त्या म्हणाल्या. "आधी सांगतलं असतं तं चहा तरी कमी गोड केला असता."

घरी आकांक्षाला काहीतरी सांगणं भाग होतं. पौर्णिमाबाईंनी, ते स्थळ काही जमत नाही बाई, एवढं म्हणायला सुरुवात केली.

"आई, त्या डॉक्टरले दोन पोरं हायेत," आकांक्षा म्हणाली. "बाबांनी नाव सांगतलं त्याच दिवशी मी फोनवर पाह्यलं. कशाचा डॉक्टर हाय तेही पाह्यलं."

शालिकराम उठून ओसरीवर जायला निघाले.

"बसा बाबा. मी काही विचारत नाही. फक्त आत्याले नकार सांगू नका. माही परीक्षा सहा महिन्यांनी हाय. डॉक्टरचं स्थळ चालू हाय म्हटलं तं ती दुसरं आणत नाही."

शालिकराम परत खाली बसले.

पुढं दर रविवारी रागिणीबाईंचा अकोटहून फोन येत राहिला, अमरावतीच्या स्थळाचं कुठवर आलं म्हणून. शालिकराम नेमके तेव्हाच चालायला बाहेर पडत. पौर्णिमाबाई फोन कानाला लावून, चेहऱ्यावरची रेघही न हलवता, खरं तेच सांगत.

"घाई करू नका म्हनते डॉक्टर. पन सुधारना हाय."