पहारेकऱ्याच्या पोटातला पाहुणा

शत्रूला दाराबाहेर ताटकळत ठेवण्यापेक्षा पोटात घेणे अधिक सुरक्षित, हे सर्व सुव्यवस्थित संस्थांना मान्य असते. फुप्फुसाचे संरक्षण खाते याच तत्त्वावर चालते. भक्षक पेशी हे तिथले पहारेकरी. आत येईल त्याला गिळायचे आणि आम्लाची पिशवी त्याच्यावर रिती करायची, एवढेच त्यांचे काम.

आपला पहारेकरी या कामात मुरलेला होता. धूळ, धूर, बुरशी पचवूनही त्याने कधी ढेकर दिला नव्हता. एकदा कुणाच्या तरी खोकल्याबरोबर क्षयाचा जंतू आत आला. पहारेकऱ्याने त्याला रीतसर गिळले आणि पिशवी ओढली.

"राहू द्या हो दादा," पोटातून आवाज आला. "माझ्यासाठी कशाला एवढा त्रास?"

जंतू फार सभ्य होता. (अंगात मेणाचा जाड कोट होता. अशा कोटवाल्यांना सहसा कुणी हटकत नाही.) त्याने पिशवीला जवळ येऊच दिले नाही. पहारेकऱ्याने थोडी ओढाताण केली, मग नाद सोडला. शत्रू पकडला गेला होताच. खात्यात पकडलेले मोजतात, पचलेले नाहीत.

पाहुणा रमला. त्याची मुलेबाळे झाली. पहारेकऱ्याच्या पोटात चरबी साठू लागली आणि ती त्या कुटुंबाला पुरू लागली.

"काय गड्या, बाळसं धरलंस की!" सोबती म्हणाले.

काही आठवड्यांनी (खात्याच्या मानाने ताबडतोब) कुमक आली. तिच्या मुकादम पेशीने पहारेकऱ्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला जोर चढला आणि त्याने थोडे जंतू खरोखरच मारले.

"आणि उरलेले, साहेब?"

"भोवती भिंत बांधू."

"विटा?"

"तुम्ही आहात ना!"

पहारेकरी एकमेकांना चिकटून उभे राहिले. भिंत झाली, प्रश्न सुटला. निदान बाहेरून तसे दिसत होते.

आतून पहारेकरी हबकला होता. खात्यात शांतपणे मरण्याची चांगली सोय आहे: आपण आवरते घ्यायचे आणि पोटातल्यालाही सोबत न्यायचे. त्याने तशी तयारी केली.

"एवढ्यात कुठे निघालात दादा?" पाहुण्याने त्याला धरून ठेवले. पाहुण्याला हे शांत मरण नको होते. त्याला पहारेकरी फुटायला हवा होता, म्हणजे सगळ्या गोतावळ्याला एकदम बाहेर पडता आले असते.

आता आशा एकच होती. देहाच्या मालकाने तपासून घ्यावे आणि गोळ्या सुरू कराव्यात. शेजारच्या काही भिंती आधीच फुटल्या होत्या, त्यामुळे मालक खोकत होता. पहारेकरी कान देऊन ऐकू लागला.

"अहो, महिना झाला. रोज संध्याकाळी अंग तापतं. कपडे बघा कसे लोंबतायत! चला दवाखान्यात."

"हवा बदललीय गं. तुझं आपलं काहीतरीच!"

पहारेकऱ्याने आणखी थोडा वेळ दम धरला. मग तो फुटला.

मालकाला उबळ आली. तोंडावर हात न धरता तो मनसोक्त खोकला, पाणी प्याला आणि वाचत बसला. क्षयावरचीच गोष्ट होती. त्याला ती आवडली. कार्यालयातल्या त्या खोकणाऱ्या कारकुनाला वाचायला द्यावी, असे त्याच्या मनात आले.

तुम्हालाही वाचताना कुणीतरी आठवलेच असेल: शेजारी, साडू, वरच्या मजल्यावरचे आजोबा. स्वतःची आठवण मात्र झाली नसेल. पाहुण्यांचा तुमच्यावर तेवढा भरवसा आहे.