आईचा दुभाषा

"पाळी अजून येते का? किती वेळा?" डॉक्टर व्हिटमोरनी इंग्रजीत विचारलं आणि 'आईला विचारून सांगा' अशा अर्थानं प्रबोधकडे पाहिलं. झालं! प्रबोधचे कान तापले.

पुण्याहून परदेशात, यिशुनला लेकाकडे राहायला आलेल्या मधुमतीबाईंचं ओटीपोट दुखत होतं. सोबत सून विनीता यायची होती, पण तिला ऐनवेळी बँकेतून रजा मिळेना. मग युनिव्हर्सिटीत संशोधन करणारे हे चिरंजीव दुभाषे म्हणून आले. आता जन्मदात्या आईला हे विचारायचं कुठल्या तोंडानं? शहाण्यानं विचारलं, "आई, इथं भाजीला किती वेळा जातेस गं?"

"आठवड्यातून दोनदा!" मधुमतीबाईंनी डॉक्टरांना दोन बोटंही दाखवली.

बोटं दिसल्यावर प्रबोधला दुसरं काही सुचेना. "आठवड्यातून दोनदा," तो इंग्रजीत पुटपुटला.

डॉक्टर दचकले. "रक्तस्राव जास्त होतो?"

"आई, ओझं फार होतं का?"

"हात तुटायची वेळ येते रे!" बाईंनी दोन्ही हात पसरून दाखवले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजच ॲडमिट करा. बहुधा ऑपरेशन करावं लागेल."

डॉक्टरांचं भराभर इंग्रजी बाईंना कळत नव्हतं, पण हा एक शब्द बरोबर कळला. "ऑपरेशन? अरे, भाजी आणते म्हणून?"

प्रबोधनं मान खाली घालून डॉक्टरांना कबूल केलं, की पाळीचं त्यानं आईला विचारलंच नव्हतं.

"मग तुम्ही विचारलंत तरी काय?"

"भाजीबद्दल," प्रबोध म्हणाला. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"त्यांना काय होतंय ते मला कळायला हवं," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

प्रबोधनं डोळे मिटले. "आई, तुझी... पाळी येते का गं?"

"शी! आईला असलं विचारतोस? लाज नाही वाटत?" मधुमतीबाईंनी पदर सावरला आणि त्या थेट डॉक्टरांकडे वळल्या. "डॉक्टर, दॅट ऑल स्टॉप्ड. थ्री इयर्स. ओन्ली पेन हिअर. अँड बर्निंग, व्हेन आय गो बाथरूम."

डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला. गोळ्यांवर भागलं.

बाहेर लिफ्टपाशी प्रबोध म्हणाला, "आई, तुला इंग्रजी येतं?"

"मोडकंतोडकं येतं की."

"मग आधीच का नाही बोललीस?"

"अरे, घरून निघताना तूच नाही का म्हणालास? तिथं तू इंग्रजी बोलू नकोस, मला लाज वाटते."

लिफ्ट अजून बरीच वर होती.